दुसरा आवाज

पंत गेले हे लक्षात आलं, तेव्हा कुमुदताईंनी आधी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला आणि मग खुणेनेच सुरेखाला जवळ बोलावलं.

"बाई, रडू नका," भांडी घासायला आलेली सुरेखा कुजबुजली. "त्याला ऐकू जाईल."

'तो' म्हणजे दाराशेजारच्या भिंतीतला कानोसा. सांगलीतल्या या सोसायटीत म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी तो बसवलेला होता. त्याला डोळे नव्हते, कारण कॅमेऱ्याला लोकांनी हरकत घेतली होती. तो फक्त ऐकायचा आणि आवाजांच्या ठशांवरून घरात माणसं किती ते ठरवायचा. पंचाहत्तरीपुढचं माणूस एकटं आढळलं, की संध्याकाळी तो वरच्या कचेरीत कळवी आणि दुसऱ्या दिवशी गाडी येऊन त्या माणसाला सहनिवासात घेऊन जाई. तिथे सगळं वेळच्या वेळी मिळतं म्हणे. शेजारच्या दामलेकाकू तिकडे गेल्या, त्या आपल्या घराचं कुलूप उघडायला काही परत आल्या नाहीत.

कानोसा बसवला, तेव्हा ताईंच्या यजमानांना, भालचंद्ररावांना, जाऊन वर्ष झालं होतं. पण त्यांचा लाडका राखी पोपट, म्हणजे आपले पंत, पिंजऱ्यातून हुबेहूब त्यांच्या आवाजात खेकसले, "कुमुद, चहा टाकलास का?" यंत्राने लगेच विचारलं, "दुसऱ्या व्यक्तीचं नाव?" खरं सांगायला ताईंनी तोंड उघडलं आणि नवऱ्याचं नाव सांगून त्या मोकळ्या झाल्या.

तेव्हापासून हे घर पंतांनी राखलं. पिसं झडली, एक डोळा गेला, पण दिवेलागणीला "कुमुद, दिवा लाव" म्हणायला ते कधी चुकले नाहीत. ते ऐकलं की नवरा गेलाय हे ताईसुद्धा घटकाभर विसरत.

दोघींनी पंतांना मागच्या कढीपत्त्याखाली पुरलं. वर मूठभर शेंगदाणे ठेवताना ताईंना हंबरडा फोडावासा वाटला, पण खिडकी उघडी होती. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आता कसं करायचं, बाई?"

"बघू," ताई म्हणाल्या.

सुरेखा गेली. ताईंनी टीव्ही लावला, बंद केला, उगाच डबे पुसले. उन्हं उतरली.

"कुमुदताई," कानोसा बोलला. "भालचंद्रराव सकाळपासून बोलले नाहीत."

"झोपलेत."

"घोरणं ऐकू येत नाही."

भिंतीला धरून ताई रिकाम्या पिंजऱ्यापाशी गेल्या. उभा जन्म ऐकलेला तो आवाज त्यांनी आपल्या घशात शोधला आणि खर्जात म्हणाल्या, "कुमुद..."

एवढं जमलं. "दिवा लाव" म्हणताना मात्र दिवसभर दाबून ठेवलेलं रडं बांध फुटल्यासारखं बाहेर पडलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाली बसून त्या पंतांसाठी रडल्या, नवऱ्यासाठी रडल्या, आणि उद्या दाराशी येणाऱ्या गाडीच्या भीतीनेही रडल्या.

अंधार पडला, तेव्हा कानोशाने आपणच दिवा लावला.

"आज भालचंद्ररावांना रडू आलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "वर असंच कळवू ना, कुमुदताई?"