चिकाचा डाग

रत्नागिरीच्या त्या त्वचेच्या दवाखान्यात अक्षया पुस्तकाचं पान दुमडून नुसतीच बसली होती. गालावरच्या मुरमांच्या खड्ड्यांवर लेसर की सुया, ठरवायला डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली होती.

शेजारी एकजण येऊन टेकला. तोंडभर पांढरं मलम, वर पातळ प्लास्टिक... पिठात बुडवलेलं भजंच जणू! तिने हसू दाबलं.

"सुया फार दुखतात का हो?"

"मलमाने बधिर होतं. मग मुंग्या चालल्यासारखं. दोन-तीन दिवस तोंड लाल. माझी ही तिसरी खेप."

"आणि लेसर?"

"खोल खड्ड्यांना बरं म्हणतात. पण जास्त दिवस सोलतं, ऊन अगदी वर्ज्य. आपल्या सावळ्या कातडीवर कधी काळे डागही राहतात." तो घुटमळला. "घाई आहे?"

"वीस दिवसांनी मुलगा बघायला येतोय."

तो हळूच म्हणाला, "हनुवटीवरचा तेवढा डाग काढू नका... तो मुरमाचा नाही. चिकाचा आहे."

अक्षयाच्या हातातलं पुस्तक मिटलं.

बारा वर्षांपूर्वीची देवरूखची दुपार. शेजारच्या दर्शनने कैरीचा देठ मोडला आणि चीक उडाला तो थेट तिच्या हनुवटीवर. नुसती आग झाली! त्याला मार बसू नये म्हणून तिने आईला सांगितलं, मुरूम फोडला. खरं काय ते दोघांनाच ठाऊक. पुढे तो बोटीवर नोकरीला गेला. तिने कितीदा आरशात त्या डागावर बोट ठेवलं होतं...

"दर्शन? मेल्या, तोंड झाकून बसलास होय!"

"मी तर दारातूनच ओळखलं गो तुला. अजून पानं दुमडतेस. पण धीर होईना."

"किती वेळ?"

"बारा वर्षं."

ती खाली बघू लागली. तो जरा पुढे सरकला. "त्या मुलाच्या आधी... मी आलो बघायला, तर चालेल? चेहरा मात्र खड्ड्यांचाच आहे."

"मलमाखाली आत्ता कुठे दिसतोय मला!"

दार उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, "अक्षया, ठरलं का?"

"सुयाच. सावकाश होऊ देत, आता घाई नाही." तिने हनुवटीला हात लावला. "आणि डॉक्टर, हा एवढा राहू दे."

आत वळताना तिने मागे पाहिलं. दर्शन हसायला बघत होता, पण बधिर झालेला ओठ एकाच बाजूला वर जात होता.