प्रश्न क्रमांक एक्केचाळीस

झेरॉक्स मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर बसला होता, आणि प्रती काढून वर न्यायला तिच्याकडे मोजून सहा मिनिटं होती.

“किती वेळ लागेल?” तिनं विचारलं.

“कुणीतरी पिन न काढता कागद घातलेत,” तो मान वर न करताच म्हणाला. “त्या थोर व्यक्तीला एकदा भेटायचंय मला.”

थोर व्यक्तीनं हातातला स्टेपलर हळूच काखेत दडवला. कागद तिनंच घातले होते, दहा मिनिटांपूर्वी, घाईघाईत.

“यावर आमची भूमिका अशी आहे,” ती म्हणाली, “की चौकशी सुरू आहे. दोषी कोण हे आत्ताच सांगणं घाईचं ठरेल.”

तो बाहेर आला. चिमटीत वाकडी झालेली पिन, नाकाच्या शेंड्यावर काळी शाई. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या काखेतल्या स्टेपलरकडे पाहिलं... आणि असा काही हसला, की ती आपले कागद तिथेच विसरून निघाली आणि जिन्यातून परत आली.

तो मशीन दुरुस्त करणारा नव्हताच; पाणीपुरवठा खात्यातला इंजिनिअर होता, पाणी शुद्ध करायच्या केंद्रावरचा, आणि अडलेलं यंत्र दिसलं की त्याला हात घातल्यावाचून राहवत नसे. शहराच्या पूर्व भागात पाच दिवस गढूळ पाणी आलं होतं, सत्तावन्न माणसं पोट बिघडून दवाखान्यात जाऊन आली होती, आणि काल, म्हणजे सोमवारी, नळ बंद करून टँकर सुरू झाले होते. गुरुवारी मंत्रीबाई पत्रकारांना सामोऱ्या जाणार होत्या. त्यांच्या कार्यालयाला खरी माहिती असलेला माणूस हवा होता, म्हणून याला पाठवला होता.

आणि ती? ती तीन महिन्यांपूर्वी टपाल विभागातून मंत्रीबाईंच्या प्रसिद्धी कक्षात आली होती. टपालात चार वर्षं लोकांच्या तक्रारींना इतकी गोड उत्तरं तिनं लिहिली, की तक्रार करणाऱ्यांची उलट आभाराची पत्रं यायची. हे कुणाच्या तरी कानावर गेलं. आता तिचं काम एकच. पत्रकार काय काय विचारतील ते आधीच ताडायचं, एकाच लांबलचक कागदावर एकाखाली एक टाइप करायचं, आणि प्रत्येक प्रश्नासमोरच्या रकान्यात ‘वळवायचं उत्तर’ लिहायचं. तो कागद निळ्या फायलीत राहायचा आणि खोलीबाहेर जायचा नाही. पत्रकारांना वाटायचं निवेदन पिवळ्या फायलीत. निळी आतली, पिवळी बाहेरची... इतका साधा हिशेब होता.

शिवाय चष्म्याची खूण होती. पत्रकार परिषद चालू असताना ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. तिनं चष्मा काढला की मंत्रीबाईंनी समजायचं, या प्रश्नाला सरळ हात घालायचा नाही, वळवायचा. पत्रकार बिचारे पुढे तोंड करून बसलेले, त्यांना पत्ताच नसायचा. चष्मा काढला की तिला चार हातांपलीकडचं सगळं धूसर दिसायचं, त्यामुळे अवघड प्रश्नांच्या वेळी मंत्रीबाईंचा चेहरा कसा होतो हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

“हे पाण्याचं निभावलंस, तर तुझी इथली जागा पक्की,” कार्यालयप्रमुखांनी तिला मंगळवारी सकाळीच बजावलं. वाक्यागणिक मनगटाकडे बघायच्या सवयीमुळे सगळे त्यांना घड्याळसर म्हणत. “नाही निभावलंस तर... टपाल आहेच.”

टपालाच्या खोलीला खिडकी नव्हती. ती मुकाट्यानं कामाला लागली.

दुपारी छोट्या खोलीत तालीम सुरू झाली. तिनं मंत्रीबाई व्हायचं, त्यानं पत्रकार. हे सोंग त्याला जरा जास्तच जमलं. खुर्ची उलटी फिरवून, पाठीवर कोपर टेकवून त्यानं पहिलाच प्रश्न टाकला.

“पाणी खराब आहे हे खात्याला कधी कळलं?”

“नागरिकांच्या आरोग्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो.”

“आरोग्याचं नाही, तारखेचं विचारलं मी.”

“माहिती घेण्याचं काम सुरू आहे.”

“माहिती माझ्या खिशात आहे.”

“ती तिथेच राहू द्या,” ती गोड आवाजात म्हणाली.

तो खो-खो हसला. मग एकदम थांबला. खिशातून त्यानं दातांनी कुरतडलेली पेन्सिल काढली, तिचा कागद पुढे ओढला आणि प्रश्न एकच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं — खरं उत्तर : नऊ तारखेला, सकाळी सात वाजता.

“नोंद मीच केली होती,” तो म्हणाला. “पण आमचं रजिस्टर वर जातं फक्त सोमवारी. मी फोन उचलायला हवा होता. नाही उचलला... वाटलं, नोंद केली म्हणजे आपलं काम झालं.”

काहीतरी गोड, गोल बोलून त्याचं मन हलकं करावं असं तिला वाटलं. असली वाक्यं तर तिच्या जिभेवरच असायची. पण त्याच्याकडे बघताना एकही आठवेना, म्हणून तिनं कागद नुसताच परत आपल्याकडे ओढला, पेन्सिलीतली ओळ न खोडता.

त्या संध्याकाळी पूर्व भागातून मावशीचा फोन आला. “दोन दिवस पोट धरून पडले होते गं. तू तिथेच आहेस म्हणून विचारते, पाणी नक्की कधीपासून खराब होतं? मी शेजारच्या बाळंतिणीलाही तेच दिलं.”

“मावशी... माहिती घेण्याचं काम सुरू आहे.”

मावशी म्हणाली, “बरं हो, मॅडम,” आणि फोन ठेवला. लहानपणापासून जिनं वेण्या घातल्या, तिनं मॅडम म्हणावं! ती रात्रभर कूस बदलत राहिली.

बुधवारी तालमीला चाळीसच्या चाळीस प्रश्न झाले. टाइप केलेल्या प्रत्येक गोड उत्तराशेजारी आता पेन्सिलीतलं एकेक कडू उत्तर होतं. गाळणीची वाळू बदलायला किती महिने उशीर झाला? चार. कुणाच्या सहीवाचून अडलं? आमच्याच. ती वाचत गेली आणि तिला स्वतःच्याच टाइप केलेल्या ओळींची लाज वाटायला लागली.

“हे घड्याळसरांना दाखवलं तर ते दोघांनाही खिडकीतून टाकतील,” ती म्हणाली.

“तुम्ही सोबत असाल तर माझी हरकत नाही.”

“हे अधिकृत निवेदन समजायचं का?”

“सूत्रांकडून मिळालेली माहिती समजा,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

गुरुवारी सकाळी ती टेबलाशी आली तेव्हा निळी फाईल उघडीच होती. चाळीसाव्या प्रश्नाखाली, पेन्सिलीत, नवीन ओळ. प्रश्न एक्केचाळीस : आज संध्याकाळी माझ्याबरोबर चहा घ्याल का?

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पेन घेतलं. समोरच्या रकान्यात लिहिलं — प्रस्ताव विचाराधीन आहे. लिहून झाल्यावर स्वतःशीच हसत बसली... आणि तेवढ्यात दारातून घड्याळसरांचा आवाज आला.

“निळी फाईल दे. शेवटची नजर टाकतो.”

कुठलाही विचार न करता तिनं तो कागद ओढला आणि हाताला लागलेल्या पहिल्या फायलीत, सगळ्यांत वर, सरकवून दिला. सरांना बिनपेन्सिलीची जुनी प्रत दिली. सर बघून गेले. मग झेरॉक्सवाले काका आले, टेबलावरची पिवळी फाईल उचलली आणि म्हणाले, “वरच्याच कागदाच्या पन्नास ना?”

“हो काका,” ती म्हणाली. ती तेव्हा चहाचा विचार करत होती.

अकरा वाजता सभागृह खच्चून भरलं होतं. कागद वाटले गेले. एरवी एव्हाना प्रश्नांचा गलका उठायचा, आज मात्र कुणी चूं करत नव्हतं. सगळे माना खाली घालून वाचत होते. कुणीतरी खुसखुसलं. तिनं शेजारच्या खुर्चीवरचा कागद उचलला, आणि निवेदनाऐवजी तिला दिसलं ते पेन्सिलीतलं बारीक अक्षर.

पहिल्या रांगेतून सगळ्यांत म्हातारे पत्रकार उठले. सगळे त्यांना आजोबा म्हणत. मंत्र्यांच्या चार पिढ्या त्यांनी घाम फोडून मोकळ्या केल्या होत्या.

“बाई,” आजोबा सावकाश म्हणाले, “तुमच्या या कागदावर पहिला प्रश्न आहे, खात्याला कधी कळलं. वळवायचं उत्तर : माहिती घेण्याचं काम सुरू आहे. आणि शेजारी पेन्सिलीत, खरं उत्तर : नऊ तारखेला, सकाळी सात वाजता. यातलं मी कुठलं छापू?”

कॅमेरे मंत्रीबाईंवर वळले. मंत्रीबाईंनी समोरचा कागद वाचला आणि मान वर करून थेट मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिच्याकडे.

“चष्मा काढ,” घड्याळसर तिच्या कानाशी पुटपुटले. “काढ लवकर! बनावट कागद आहे म्हणतील त्या. अजून वेळ गेलेली नाही. नाहीतर उद्यापासून टपाल, ध्यानात ठेव.”

तिचा हात वर गेला. बोटं काडीला लागली. दाराशी तो उभा होता, पांढराफटक. त्याचंच अक्षर पन्नास लोकांच्या हातात होतं. पण त्यानं नकाराची मान हलवली नाही, की डोळ्यांनी विनवणी केली नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिला मावशीचं ‘बरं हो, मॅडम’ आठवलं.

तिनं चष्मा नाकावर घट्ट वर सरकवला, आणि हात खाली घेतला.

आज पहिल्यांदाच, अवघड प्रश्नाच्या वेळी, तिला मंत्रीबाईंचा चेहरा स्वच्छ दिसला. त्या चेहऱ्यावर सुटका होती! खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं, तशी.

“पेन्सिलीतलं छापा,” मंत्रीबाई म्हणाल्या.

सभागृहात खुर्च्या करकरल्या. आणि मग बाई सुटल्याच. पाच दिवसांचा उशीर आमचा. नोंद करणाऱ्यानं वेळेवर नोंद केली, ती वर न्यायची आमची पद्धत चुकीची. आजपासून अशी नोंद तासाभरात फोनवर मला कळेल. वाळू काल बदलली, शनिवारी तपासणी होऊनच नळ सुरू होतील. सत्तावन्न माणसांची मी माफी मागते, आणि त्यांच्या घरी जाऊनही मागणार आहे. त्यांनी प्रश्नांची वाटही पाहिली नाही. कागद हातात धरून दोन, तीन, चार... चाळीसपर्यंत स्वतःच वाचत गेल्या. पत्रकारांना विचारायला उरलं काय? आजोबांनी पेनाला टोपण लावलं. परिषद संपायच्या आत त्यांचं टोपण लागलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“एकच राहिला,” आजोबा म्हणाले. “क्रमांक एक्केचाळीस.”

मंत्रीबाईंनी कागद जवळ धरला. वाचला. ओठ घट्ट मिटून हसू आवरलं.

“हा विषय माझ्या खात्याचा नाही. संबंधित अधिकारी मागे उभ्या आहेत.”

पन्नास माना गर्रकन वळल्या. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. तिकडे दाराशी त्याचे कान असे पेटले होते, की त्यावर चहा उकळला असता.

“हा प्रस्ताव...” तिनं सुरुवात केली.

“वळवायचं नको, पोरी,” आजोबा म्हणाले. “पेन्सिलीतलं दे.”

आणि तिला एकदम हसू आलं, मनापासून, पोटातून.

“हो,” ती म्हणाली. “आज. साडेपाच वाजता.”

टाळ्या पडल्या. पत्रकारांच्या टाळ्या! झेरॉक्सवाल्या काकांनी तर शिट्टी मारली.

दुपारी मंत्रीबाईंनी घड्याळसरांना आणि तिला समोर उभं केलं. “उद्यापासून तो वळवायचा रकाना काढून टाका,” त्या म्हणाल्या. “आणि हिची जागा पक्की करा. ज्या मुलीनं आज चष्मा काढला नाही, ती मला रोज समोर हवी.” घड्याळसरांनी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता मान हलवली.

फोन दिवसभर खणखणत होता. त्यातला एक मावशीचा. “ऐकलं सगळं. आता पाण्याचं राहू दे... तो पेन्सिलवाला कोण आहे गं?”

“माहिती घेण्याचं काम सुरू आहे, मावशी!”

या वेळी मावशी इतकी हसली, की ठसका लागला.

साडेपाचला कार्यालयामागच्या चहाच्या टपरीवर तो आधीच येऊन बसला होता. दोन कप समोर. तिचा कप त्यानं बशीनं झाकून ठेवला होता, गार होऊ नये म्हणून.

ती बसली, आणि तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे... माझा पुढचा प्रश्न वळवणार?”

“आधी विचार तर.”

त्यानं पेन्सिल काढली, पण कागद नव्हता. ती तशीच बोटांत फिरवत, अडखळत तो म्हणाला, “तू मला आवडतेस. त्या पिनेपासून. तुला...?”

“चष्मा मला लांबचं बघायला लागतो,” ती म्हणाली, आणि पेन्सिलीसकट त्याचा हात हातात घेतला. “तू जवळ आहेस. आणि माझं उत्तर हो आहे.”