कडक भाकरीचं लग्न

इंद्रजीत पहिल्यांदा आमच्या छापखान्यात आला तेव्हा त्याच्या हातात पिशवीभर भाकरी होत्या. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या दुकानात लोक लग्नपत्रिका छापायला येतात आणि येताना पेढे आणतात. भाकरी घेऊन आलेला हा पहिलाच.

"ह्याच्यावर चिकटवायला लेबल पायजे," तो म्हणाला. "साधंच. 'कडक भाकरी', एवढंच लिवा."

"एवढंच? नाव, गाव, फोन?"

"इन्स्टावर पेज हाय की!" असं म्हणून त्याने अभिमानाने फोन पुढे केला.

मी बघितलं. पहिल्या फोटोत एक भाकरी. खाली लिहिलेलं, 'कडक भाकरी. मिळेल.' दुसऱ्या फोटोत दोन भाकरी. खाली, 'कडक भाकरी. अजून आहे.' मला इतकं हसू आलं की मशीनमागून अप्पांनी डोकं बाहेर काढलं.

"हसताय व्हय?"

"नाही... म्हणजे हो. तीन लाइक आहेत. त्यातला एक तुमचाच."

"दुसरा आईचा," तो गंभीरपणे म्हणाला. "तिसरा कुनाचा, त्ये मी बी शोधतुय."

आणि मग तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ... आणि मी उगाचच कागदाचा गठ्ठा या टेबलावरून त्या टेबलावर ठेवला.

मी दानेश्वरी. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चनमल्लप्पांच्या छापखान्यात सहा वर्षं पत्रिकांचा मजकूर लिहिते. अर्ध्या सोलापूरचं लग्न माझ्या शब्दांत लागलंय, असं मी जरा चढ्या आवाजातच सांगते. त्यालाही सांगितलं.

"मग आमच्या भाकरीचं बी लिवा की," तो म्हणाला.

"बदल्यात काय?"

त्याने पिशवीतून एक पातळ, कागदासारखी भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. मी मोडली. कट्ट! तिथेच उभ्याने कोरडीच खाऊन संपवली. अप्पांनाही दिली नाही.

हळूहळू त्याची गोष्ट कळली. मंगळवेढ्यात त्याची आई सोनाबाई आणि शेजारच्या पाच जणी भाकरी थापायच्या, चुलीपाशी उभ्या करून वाळवायच्या. ह्या भाकरीसाठी तो पुण्यातली नोकरी सोडून आला होता. ती नोकरी लावून दिली होती महिपतीकाकांनी, त्याच्या चुलत्यांनी. काकांच्या रागाचा पारा चढलेलाच होता. त्यांनी ठणकावलं होतं, "जत्रेच्या दिवसांत सोलापुरात बचत गटांचं प्रदर्शन हाय. तीन दिवस बघतो. माल घरी माघारी आला, तर सोमवारी पुण्याची गाडी धरायची!"

प्रदर्शनाला सहा आठवडे होते. मी म्हटलं, सहा आठवडे म्हणजे काय, माझ्या डाव्या हातचा मळ.

माझं पहिलं कॅप्शन असं होतं: 'काळ्या मातीच्या कुशीतून उमललेल्या सुवर्णकांती ज्वारीचे मंगल, कुरकुरीत स्वप्न!' खाली अठरा हॅशटॅग. मला ते फार आवडलं. दुपारी सोनाबाईंचा फोन आला.

"पोरी, लई ग्वाड लिवलंस. पन ह्यात भाकरी कुटं हाय?"

मी तोंडावर पडले. आणि पडल्यावर आठवलं, पत्रिकेचा मधला मजकूर कधी कुणी वाचतं का? लोक तीनच गोष्टी बघतात. लग्न कुणाचं, कधी, आणि जेवण कुठं. बाकी श्लोक आमच्या हौसेचे. कॅप्शनचंही तेच असणार. पहिल्या ओळीत नाव-गाव, शेवटी काय करायचं ते स्पष्ट, आणि मधे बोलतो तसं बोलायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी इंद्रजीत माल घेऊन एसटीने यायचा. मी त्याला समोर बसवायचे.

"भाकरी कशी करतात, सांगा."

"थापायची, भाजायची, वाळवायची."

"अहो, तारेची भाषा नको! आईला बघताना तुम्हाला काय दिसतं, ते सांगा."

त्याने समोरची भाकरी उलटीपालटी केली. मग म्हणाला, "आई भाकरी वाळली का न्हाय, त्ये बघत न्हाय... ऐकती. बोटानं टिचकी मारती. आवाज आला की म्हनती, झाली."

माझी लेखणी थांबली. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो माझ्याचकडे बघत होता. मग दोघांनीही घाईघाईने भाकरीकडे बघितलं.

त्या दिवशीचं कॅप्शन मी दोन मिनिटांत लिहिलं: 'आमची आई भाकरी बघत नाही, ऐकते. टिचकी मारली की कळतं, झाली. मंगळवेढ्याची कडक भाकरी, महिनाभर टिकते. तुम्ही कशात चुरता, दह्यात की आमटीत? खाली सांगा.'

संध्याकाळपर्यंत दोनशे जण भांडत होते. दहीवाले एकीकडे, आमटीवाले एकीकडे. अक्कलकोटच्या एका आजोबांनी शेंगा चटणी आणि कच्च्या तेलाचा तिसराच पक्ष काढला.

"तुमी जादूगार हायसा," इंद्रजीत फोनवर म्हणाला.

"शब्द तुमचेच होते. मी फक्त उचलले."

"मग आनखी उचला की... लई हायत. सगळेच भाकरीवरचे न्हाईत पन."

मी फोन ठेवला. कान गरम झाले होते. अप्पांनी कन्नडमधून विचारलं, "एनु, दानव्वा? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भाकरीवाले." अप्पा नुसतेच "हं" म्हणाले. अप्पांचं 'हं' फार लांब असतं.

बघता बघता सहा आठवडे सरले. प्रदर्शन लागलं. शुक्रवार गेला, शनिवार दुपारपर्यंत गेला. पेजवर भांडणारे दोनशे जण भांडून घरीच बसले होते. स्टॉलवर येणारे बघायचे, मोडून चव घ्यायचे आणि पुढे जायचे. निम्म्याहून जास्त माल तसाच. सोनाबाई खोकी पुन्हा पुन्हा सरळ लावत होत्या. इंद्रजीत हसायचाच बंद झाला.

"सोमवारी..." तो म्हणाला, "पुन्यात बी इन्स्टा चालतं म्हना."

"चालतं," मी म्हटलं. "पण मला मंगळवारी-शुक्रवारी समोर बसलेलं माणूस लागतं. फोनमधलं नको."

बोलले आणि जीभ चावली. तो काहीतरी बोलणार होता, पण गिऱ्हाईक आलं. मला इतका राग आला होता... त्याच्या काकांचा, त्या सोमवारचा, आणि माझा सगळ्यात जास्त. भांडण लावायला मला सुचलं होतं. या म्हणायला सुचलं नव्हतं! सहा वर्षं मी माणसांना 'या' म्हणण्याचंच काम करत होते की!

तिथेच खोक्यावर बसून मी लिहिलं:

'आमचे येथे ज्वारीच्या कृपेने, चि. कडक भाकरी (रा. मंगळवेढा) आणि चि. सौ. कां. शेंगा चटणी (रा. सोलापूर) यांचा शुभविवाह रविवारी योजिला आहे. जेवण लग्नाआधीच! आहेर आणू नये, पिशवी आणावी.' त्याखाली मैदानाचं नाव, स्टॉल नंबर आणि वेळ.

"खाली तुमचं नाव टाकते," मी म्हटलं.

"माझं एकट्याचं न्हाय. लिवनारीचं बी टाका."

"पत्रिकेत लिहिणारीचं नाव कधी नसतं."

"आमच्यात असतंय," तो म्हणाला. मग हळूच, "टाका की... शेजारी."

मी टाकलं. शेजारी. 'आपले, इंद्रजीत आणि दानेश्वरी.' आणि लगेच पेजवर चढवलं.

रविवारी अकरा वाजता मी मैदानात पोचले, तर स्टॉल दिसेना. रांग दिसत होती. बाया नटून आल्या होत्या. एकीने चक्क भाकरीच्या पुड्यावर अक्षता टाकल्या. कॉलेजची पोरं विचारत होती, "वरपक्ष कुठाय, ओ?" सोनाबाई डोळे पुसत पुडे देत होत्या, आणि इंद्रजीत... तो मला बघून असा हसला की रांगेतल्या दोन पोरींनी एकमेकींना कोपराने ढोसलं.

दुपारी एकला शेवटचं खोकं फोडलं, आणि मैदानाच्या फाटकात जीप येऊन थांबली. त्यातून चौदा माणसं उतरली. सगळ्यात पुढे फेटा बांधलेले महिपतीकाका, हातात टॉवेल-टोपीचा आहेर, मागे काकू साडीचा पुडा घेऊन.

"ना सांगावा, ना सुपारी!" काका गरजले. "सख्खा चुलता जित्ता असताना लग्न ठरवतुस व्हय रं? मानपान काय हाय का न्हाय?"

त्यांनी फोन समोर धरला. कुणीतरी कॅप्शनचा फोटो काढून गावात पाठवला होता, त्यात वरचा अर्धा भाग कापला गेला होता. भाकरी गेली, चटणी गेली. उरलं 'शुभविवाह रविवारी', मैदान आणि खाली 'इंद्रजीत आणि दानेश्वरी'.

तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. "सकाळपासून तेवीस फोन. लग्न पोरीचं, आणि पत्रिकेचा मजकूर बापानं वाचलेला नाही, म्हणतायत."

"नवरी कुटं हाय?" काकांनी विचारलं.

आता तो समजावून सांगेल, काका ही जाहिरात आहे, असं मला वाटलं. इंद्रजीतने हातातला पुडा खाली ठेवला, हात पुसले.

"ही हाय," तो म्हणाला. "पन काका, लग्न भाकरीचं होतं. हिला मी अजून इचारलंच न्हाय."

"आन माल?"

"संपला. तुमाला द्यायला बी न्हाय."

काकांनी रिकाम्या खोक्यांकडे बघितलं. मग अजून हलत नसलेल्या रांगेकडे. एका बाईने स्वतःच्या पुड्यातली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी मोडली, खाल्ली, मिशी पुसली.

"सोमवारी पुन्याला फोन करतो," ते म्हणाले. "पोरगं येत न्हाय म्हनून सांगतो."

सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा इंद्रजीतकडे बघत होते, छपाईचा नवीन टाइप तपासावा तसे. मग म्हणाले, "हुडुगा छलो इद्दान."

"काय म्हनले?" काकांनी घाबरून विचारलं.

"पोरगा चांगला हाय, म्हनत्यात," सोनाबाईंनी सांगितलं. मंगळवेढ्याच्या बाजारात त्यांनी कन्नड कधीच उचललं होतं.

"मग इचार की रं! मानसं खोळंबल्यात!"

इंद्रजीत माझ्यासमोर आला. एरवी तारेच्या भाषेत बोलणारा माणूस. कपाळावर घाम, पुसूनही बोटांना राहिलेलं ज्वारीचं पीठ.

"दानेश्वरी, मला तुमी आवडता. पयल्या दिवशी उब्यानं भाकरी खाल्ली, तवापासनं. मंगळवार-शुक्रवार पुरत न्हाईत मला... सगळे वार पायजेत. देता का?"

अख्खी रांग माझ्याकडे वळली. माझ्याकडे सहा वर्षांचे शब्द होते, आणि त्या क्षणाला एकही कामाचा नव्हता. मग मी हो म्हटलं. इतक्या मोठ्याने, की रांगेतल्या शेवटच्या माणसानेही टाळी वाजवली.