जर्मनच्या डोंग्यातले चौदा बोल्ट

“कोंबडी आधी काढ बे! मग डोंगा उचल!”

दिव्यानी ओरडली, पण राजदीपनं तोवर अंगणातल्या पालथ्या होडीची कड उचललीच. आतली कोंबडी फडफडत थेट त्याच्या तोंडावर! राजदीप धपकन् मागं पडला आणि डोंगा त्याच्या अंगठ्यापासून चार बोटांवर आदळला.

“वडशाचा पाहुणा,” रीता पोट धरून हसली, “कोंबडीनं पाडला!”

“हसू नको वं! आमच्या शहरात कोंबड्या डोंग्यात नाई राहत!”

“शहर कायचं? रेल्वे थांबते एवढंच,” दिव्यानी म्हणाली आणि दुसरी कड धरली. “चल, तिघं मिळून. एक, दोन...”

डोंगा उताणा झाला. खाली तीन अंडी, आत सुकलेला गाळ आणि बुडाला एक हातभर भोक होतं.

हा डोंगा अॅल्युमिनियमचा. आरमोरीपासून आडबाजूच्या या गावात अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, म्हणून हा जर्मनचा डोंगा. मालकी मच्छीमार सोसायटीची, पण बारा वर्षं तो चालवला दिव्यानीच्या आबाजींनी, मुखरूभाऊंनी. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो भर तलावात बुडाला. आबाजी आणि त्यांचा जोडीदार हेमराज, म्हणजे रीताचे बाबा, पोहत काठाला लागले. आणि सोसायटीचे सचिव धनराजभाऊ यांनी कपडे वाळायच्या आत निकाल दिला: मुखरूनं दारू पिऊन डोंगा पाण्यातल्या मोहाच्या खुंटावर घातला!

आबाजी दारूला शिवत नाहीत, हे गावाला चांगलं ठाऊक होतं. तरी गावानं मान डोलावली. नवा फायबरचा डोंगा मंजूर करून घ्यायचा होता, आणि त्यासाठी जुना सोसायटीच्या नव्हे, कुणा एकाच्या चुकीनं बुडायला हवा होता. फुटका डोंगा आबाजींच्याच अंगणात आणून टाकला. त्या दिवसापासून आबाजी तलावावर गेले नव्हते. डोंग्याकडे पाठ करून जाळं विणत बसत. विणलेलं जाळं कोण वापरणार, हे त्यांना कुणी विचारत नसे.

आता येत्या रविवारी सोसायटीची सभा होती. दोन वर्षं तलावात जाळं न टाकणाऱ्याचं नाव सभासदांतून कापायचं, असा विषय होता. असं नाव गावात एकच होतं. ते कापलं गेलं की आबाजींना त्या तलावात साधा गळही टाकता येणार नव्हता.

“चार दिवस आहेत,” दिव्यानी म्हणाली. “घासायचा, भोक बुजवायचं, रंगवायचा. रविवारच्या आधी आबाजी डोंग्यात बसले पाहिजेत आणि जाळं पाण्यात पडलं पाहिजे. मग कसं नाव कापतात पाहू!”

“आबाजी बसतील?” राजदीपनं विचारलं.

“आधी घास. मग विचार.”

तिघं पॉलिश पेपर घेऊन भिडले. वरचा हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटत होता, खालचा निळा मात्र चिवट होता. दुपारपर्यंत तिघांची तोंडं हिरवी झाली आणि वीतभर धातू चकाकू लागला. तेवढ्यात रीता किंचाळली.

“माय वं! माह्या हाताले रक्त!”

रक्त नव्हतंच. पॉलिश पेपरवर लाल भुकटी होती. राजदीपनं ती बोटावर घेऊन हुंगली. त्याच्या बाबांचं वडशात भांडी दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे धातूच्या बाबतीत त्याचा शब्द चाले.

“हा तर तांबडा गंज! जर्मनले असा गंज चढत नाई. जर्मन पांढरं पडते. इथी लोखंड आलं कुठून?”

त्यांनी तिथलाच रंग खरवडला. रंगाखाली निघाली भिंतीला लावतात ती पुट्टी. पुट्टीखाली लोखंडी बोल्ट. बोल्टभोवती पांढरी भुकटी. राजदीपनं पेचकसाचं टोक हलकेच टेकवलं, तर ते पापडातून जावं तसं आरपार गेलं!

“मेला हा पत्रा! आमच्याकडे कोणी पातेल्याचा कान लोखंडी खिळ्यानं बसवला ना, की असंच होते. पाणी लागत राह्यलं की खिळ्याभोवतीचं जर्मन सडते. बाबा लय शिव्या देतात. जर्मनले जर्मनचाच रिव्हेट लागते!”

दिव्यानी मोठ्या भोकापाशी वाकली. खुंट आदळला असता तर पत्रा आत दुमडला असता. हा दुमडला नव्हता. उंदरानं भाकर कुरतडावी तशी त्याची कड झिजली होती, आणि कडेला अर्धा बोल्ट अजून लटकत होता.

“आजी!” तिनं हाक मारली. “हा डोंगा दुरुस्त कोणी केला होता?”

अन्नपूर्णाआजी सुपात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. “डोंगा बुडाच्या तीन साल आंधी धनराजच्या साळ्यानं. तुहे आबाजी म्हणे, खिळे पाहू दे. धनराज म्हणे, रंग ओला हाय, हात लावू नोको.”

“आणि मग?”

“मग काय? रंग वाळला.”

दुसऱ्या दिवशी तिघं तलावात उतरले. मे महिना होता, पाणी आटून गेटापाशी डोंगा कसाबसा तरंगेल एवढं डबकं उरलं होतं. पायाखाली भेगाळलेला गाळ होता. या पाळीपासून त्या पाळीपर्यंत त्यांनी दोन चकरा मारल्या. मोहाचा खुंट नव्हता. कसलाच खुंट नव्हता!

“कोणी सरपणाले नेला असंल,” रीता म्हणाली.

“मग खड्डा कुठी आहे?”

दोन उन्हाळे हा तलाव असाच उघडा पडला होता. सोसायटीचे सभासद बासष्ट. रोज म्हशी इथूनच हाकत होते. एकानंही खुंट शोधला नव्हता, कारण शोधला तर सापडणार नाही हे बासष्टांनाही ठाऊक होतं. दिव्यानीला माणसांचा हिशेब ठेवायची खोड होती. हा आकडा तिनं मनात लिहिला आणि खाली रेघ ओढली.

“तुझ्या बाबांना विचारशील?” तिनं रीताला म्हटलं. “डोंग्यात पाणी येत होतं का, एवढंच.”

रीता घरी गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, खेळाले जा.” तिनं नाक पुसलं. “त्याईले ठाऊक आहे, दिव्या.”

जुना डोंगा बुडाल्यावर नव्याचं वल्हं हेमराजच्या हाती आलं होतं. दिव्यानीला ते आठवलं. पण मैत्रिणीच्या तोंडावर काही हिशेब मांडायचे नसतात.

“मोठ्यांना सांगून टाकू,” राजदीप म्हणाला.

“कोण ऐकंल? धनराज काकाजी म्हणतील, पोरांनीच बोल्ट ठोकले. काकाजींनी स्वतःच्या तोंडानं बोललं पाहिजे. सगळ्यांसमोर.”

तिनं उरलेला रंग खरवडू दिला नाही. मग तिघं मिळून सचिवांच्या ओट्यावर गेले, चेहरे अगदी पडलेले करून.

“काकाजी, डोंगा काही दुरुस्त होत नाई. आरमोरीच्या भंगारवाल्याले रविवारी बोलावतो. देऊन टाकतो.”

धनराजभाऊंचा चेहरा खुलला. “शहाणी पोरगी! पण डोंगा सोसायटीचा हाय, भाव मीच करीन. सभाच तुमच्या आंगणात आणतो, चारचौघात होऊन जाऊ दे!”

रस्त्यात राजदीप कुजबुजला, “अरे, हे तर स्वतःच गाव गोळा करून राह्यले!”

रविवारी दहा वाजता अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आबाजी पाठ करून जाळं विणत होते. भंगारवाला आला, डोंगा ठोकून म्हणाला, “यात लोखंड तर नाई ना? लोखंड निघालं तर भाव निम्मा.”

“लोखंड?” धनराजभाऊ गरजले. “माह्या डोळ्यांदेखत जर्मनचे रिव्हेट बसवले! लोखंडाचा एक खिळा निघाला तर सचिवकी सोडतो!”

“सगळ्यांसमोर सांगता, काकाजी?” दिव्यानीनं भोळेपणानं विचारलं.

“सगळ्यांसमोर!”

भंगारवाल्यानं गळ्यातलं दोरीला बांधलेलं चुंबक काढलं. हिरव्या रंगावरून फिरवलं. टक्! चुंबक चिकटलं. उपटून पुढं नेलं. टक्! पुन्हा टक्! अंगण मोजू लागलं. दहा, अकरा... चौदा!

“भाऊ, हा डोंगा हाय का खिळ्यांचा डबा?” भंगारवाला म्हणाला.

राजदीपनं पुट्टी खरवडली. दिव्यानीनं पेचकस टेकवला, तो आरपार गेला. रीता पुढं झाली.

“आणि मोहाचा खुंट कुठी आहे? तलाव आटला आहे. दाखवा!”

सगळ्यांनी तलावाकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

तेव्हा हेमराज गर्दीतून बोलला, जमिनीशी बोलावं तसा. “महिनाभर पाणी येत होतं. मी डब्यानं उपसत होतो. मुखरूभाऊनं धनराजले दोनदा सांगतलं. मीही तिथीच होतो.”

रीतानं बापाकडे पाहिलं नाही.

“झालं ते झालं!” धनराजभाऊंनी घाम पुसला. “नाव कापाचा विषय रद्द! पण पोरं पाहा, पोरं! काय डोकं आहे! गावाचं नाव काढतील!”

मग सगळ्यांना कंठ फुटला. शाबास! वाघीण आहे पोरगी! दिव्यानीच्या पाठीवर अकरा थापा पडल्या. तिनं मोजल्या. तिनं आणखीही एक गोष्ट मोजली. आबाजींपाशी जाऊन ‘चुकलो’ म्हणणारा शून्य. सचिवकी सोडल्याचंही कुणी ऐकलं नाही.

आजी चहाचं भगुणं घेऊन बाहेर आल्या. चार कप भरले. तीन पोरांना दिले, चौथा भंगारवाल्याला.

“अन् आमाले, अन्नपूर्णाबाई?” कुणी तरी हसून विचारलं.

“हा माणूस बोलाच्या आंधी तपासून पाहते,” आजी म्हणाल्या. “बाकीच्याईनं आपापल्या घरी प्या.”

अंगण हळूहळू रिकामं झालं. हेमराज फाटकापाशी थोडा घुटमळला आणि गेला. रीता मात्र थांबली, चहात पाहत.

मग आबाजी उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डोंग्यावर हात ठेवला. घासलेल्या भागावरून तळवा सावकाश फिरवत नेला, एका जागी थांबवला.

“इथी घासाचं राह्यलं,” ते म्हणाले. “रंग धरनार नाई.”

अकरा थापा दिव्यानीनं केव्हाच विसरून टाकल्या होत्या. तिनं नवा पॉलिश पेपर फाडला, अर्धा रीताला दिला आणि तिथं घासायला बसली.