गंगारामची माटवी

चतुर्थीत मी घरोघरच्या माटव्यांचे फोटो काढतो आणि मालवणातल्या माझ्या स्टुडिओतून त्यांचं कॅलेंडर छापतो. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेली रानातली फुलं आणि फळं. हल्ली लोक प्लास्टिकच्या माळा लटकवतात आणि वर मलाच विचारतात, फोटो खंय छापतलास? लाज नाही. कट्टा गावापुढच्या वाडीतला गंगाराम मात्र सगळं स्वतः डोंगरातून आणायचा.

यंदा चतुर्थीनंतर चौथ्या दिवशी गेलो, तर त्याचा धाकटा भाऊ लवू ओट्यावर पान लावत बसलेला.

"ये रे एल्रॉय. दादा नाय आसा. चतुर्थीच्या आदल्या दिसा रानात गेलो, तो अजून येवक नाय."

"आणि तू हंय पान खातंस? सोधलंस तरी?"

"सोधूचो कित्याक? आत जावन माटवी बघ."

माटवी भरगच्च होती. लाल कवंडळं, कळलावी, तेरडा. पाकळ्यांवर पाणी.

"रोज सकाळी नवी बांधलेली गावता," गंगारामची बायको सावित्री म्हणाली. कपाळावर कुंकू ठसठशीत. "गाठी त्याच्याच. माका कळतत."

"वैनी, कोणीतरी तुमका फसवता."

"फसवूंदे."

लवू मागून कुजबुजला, "सोधूक गेलो आणि वायट गावला, तर सूतक. गणपती उठवूचो लागतलो. वैनीचा कुंकू जातला."

"आणि तो पाय मोडून पडलो आसात तर? कुंकवापायी मारतलास त्याका?"

लवूने पान तोंडात कोंबलं. मी चिडूनच स्टुलावर चढलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

चौकटीचा डावा कोपरा रिकामा होता. मी फोकस करत असतानाच तो किंचित खाली वाकला, वरून कुणी हात टेकावा तसा. केळीच्या खोडाच्या सालीचा एक दोर ताणला गेला. गाठ आवळली. लेन्सवर थेंब पडला.

कॅमेरा खाली घेतला. कोपऱ्यात तेरड्याचा झुबका हलत होता. पंखा बंद होता. ओल्या पाल्याचा वास येत होता आणि गंगारामच्या विडीचा.

मी खाली उतरलो. लवूची कॉलर धरली आणि त्याला डोंगराकडे ओढत नेलं.

गंगाराम ओहोळाच्या घळीत सापडला. कातळावरून घसरला असावा. मरून काही दिवस झाले होते. चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मुंग्या होत्या.

हातांना मुंग्या नव्हत्या.

बोटं हिरवी होती. मी एका बोटाला शिवलो. चीक ओला होता.

"उचल," मी म्हणालो.

लवू हलला नाही. "आज नको. विसर्जन होवंदे, मगे न्हेया."

"माणूस आसंस की कोण?"

तो माझ्याकडे बघतच नव्हता. भावाच्या कानाशी उकिडवा बसला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "दादा, उजवी बाजू जरा उणी दिसता."

मग त्याने शेजारचं तेरड्याचं झुडूप वाकवलं आणि दादाच्या हाताला पुरेल असं धरून ठेवलं.