अवेळी उकरलेली जत्रा

योस्टने थोरली मुलगी गिरणीवाल्यांच्या घरात दिली, त्याच साली वसंतात श्वाल्म नदीकाठच्या त्या गावात शहरातून एक चित्रकार आला. त्याला गावची जत्रा रंगवायची होती. जत्रा शरदातली. तोवर थांबायला त्याला सवड नव्हती.

गावची रीत अशी : जत्रा संपली की लिंडनच्या झाडाखाली ब्रँडीची बाटली पुरायची, मढ्यावर रडावं तसं तिच्यावर खोटंखोटं रडायचं, आणि पुढच्या वर्षी ती उकरली की जत्रा सुरू. बाटली जमिनीखाली गेल्याशिवाय जत्रा संपत नाही. जागा योस्टला ठाऊक, आणि चित्रकाराला खरीच बाटली हवी होती. योस्टने ती उकरून दिली. एवढंच मागितलं, की धाकट्या एल्झबेटला चित्रात सगळ्यांच्या पुढे घ्या.

"जत्रेला विचारलंस का रे, झोप झाली का तिची?" शेजारची म्हातारी ओर्टे म्हणाली. सगळे हसले. योस्टही हसला.

आठ दिवस लोक नाचाच्या पवित्र्यात उभे राहिले. पुढे एल्झबेट, डावा पाय उचललेला. निघताना चित्रकाराने बाटली मागून नेली. काचेवरचा उजेड त्याला साधत नव्हता. योस्टने नाही म्हटलं नाही. पुरायच्या वेळी त्याने फडक्यात गुंडाळून व्हिनेगरची रिकामी बाटली ठेवली. गाव रडलं, हसलं, घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना एल्झबेटचा डावा पाय फरशीवर ठेका धरू लागला. चर्चमध्ये, अंथरुणात, कुठेच थांबेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आधी ती स्वतःच हसायची. मग तिचं अन्न तुटलं.

"बाबा, वाजवणाऱ्यांना सांगा ना, पुरे म्हणून."

घरात कुणी वाजवत नव्हतं.

योस्ट चालत शहरात गेला. चित्रकाराने बाटली दिली.

"सगळं वाळलं," तो चित्राकडे बघत म्हणाला. "हा पाय तेवढा ओला राहतोय."

योस्टने बोट लावलं. बोटाला रंग आला.

तेरा जूनला भर दुपारी त्याने झाडाखाली खणलं. खोटी बाटली कोटात लपवली, खरी ठेवली. घराच्या उघड्या खिडकीतून ठेका ऐकू येत होता. रीतीप्रमाणे रडायला त्याने तोंड उघडलं, पण रडू येईना.

त्याने शेवटचं ढेकूळ दाबलं.

ठेका थांबला.

योस्ट हसत घराकडे निघाला.

आठवड्याने चित्रकाराची चिठ्ठी आली. पाय तेरा तारखेला दुपारी वाळला. तुमच्या बोटाचा ठसा मात्र त्यावर तसाच राहिला आहे.

व्हिनेगरच्या बाटलीचं योस्टने कुणालाच सांगितलं नाही. एल्झबेट तेरा जूनला दुपारी वारली. तिला एकोणिसावं लागलं होतं.