ढिम्मरावाचं पहिलं पाऊल

दोन पाय धडधाकट, गुडघ्यांत तेल ओतलेलं, पोटात वीज काठोकाठ भरलेली, आणि तरी हा बाबा जागचा हलेना! अंगणात उभा तो उभाच. कोंबड्या त्याच्या पावलांवर चढून बसल्या, कावळा डोक्यावर घाण करून गेला, तरी हूं नाही की चूं नाही.

हा होता यंत्रमानव. उर्मीच्या आजोबांनी बनवलेला. आजोबा जन्मभर शहरातल्या प्रयोगशाळेत राबले आणि म्हातारपणी खालच्या बेलवडीत येऊन राहिले. यंत्रमानव बनवला तो आजीसाठी. बेलवडी दोन आहेत, एक डोंगराच्या पायथ्याशी आणि एक माथ्यावर. मध्ये कातळात खोदलेल्या पायऱ्या, उंच आणि वेड्यावाकड्या. तिथे चाकाची गाडी चढत नाही, आणि ड्रोन चढतो तो दुधाची किटली घेऊन. आजीला उचलायची त्याची छाती नव्हती.

वरच्या बेलवडीत आजीची थोरली बहीण राहायची, गजराक्का. आजीचे गुडघे रुसले तेव्हापासून दोघी बहिणी पडद्यावरच भेटायच्या. रोज बोलायच्या आणि रोज भांडायच्या. येत्या रविवारी गजराक्काची पंचाहत्तरी होती. आजीने जाहीर करून टाकलं होतं, "अक्काला ओवाळायला मी स्वतः येणार."

"तू काय येतेस, हौसे!" गजराक्का पडद्यावरून हसली होती. "तिकडूनच ओवाळ. फक्त काच तेवढी जाळू नकोस."

ते आजीला फार लागलं. डोलीत बसून जा म्हणावं, तर ती फणकारायची, "डोलीत आजारी माणसं बसतात. मला काय झालंय?" तेव्हा आजोबांनी डोकं लढवलं आणि पाठीवर खुर्ची असलेला हा दोन पायांचा गडी तयार केला. तो पायऱ्या चढेल आणि आजी ऐटीत बसेल, असा बेत. आणि गडी तर सपाट अंगणातही पाऊल टाकेना.

"काय रे बाबा, तुला येत नाही का चालायला?" उर्मीने विचारलं.

"येतं," यंत्रमानव गोड आवाजात म्हणाला. "चालण्याची सगळी माहिती माझ्याजवळ आहे. पण दोन्ही पाय जमिनीवर असताना पडण्याची शक्यता शून्य आहे. एक पाय उचलला की ती वाढते. म्हणून न उचलणं सर्वांत उत्तम."

"वा! लग्नात नवरदेव बोहल्यावर चढायचा नाही आणि म्हणायचा, न चढणं उत्तम!" आजी ओसरीवरून कडाडली. "अहो, शास्त्रज्ञ! असला कसला ढिम्म घडवलात?"

तेव्हापासून त्याचं नाव पडलं ढिम्मराव.

यंत्रातलं आजीला काही कळत नव्हतं, पण पोरं कशी चालायला शिकतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. "या घरातलं एकही पोर पांगुळगाड्याशिवाय चाललेलं नाही," असं म्हणत तिने गावच्या सुताराला बोलावलं. त्याने बैलगाडीची जुनी लाकडं जोडून पांगुळगाडा केला, तीन चाकांचा आणि पुरुषभर उंच. अख्खं गाव बघायला लोटलं.

ढिम्मरावाने दांडा धरला, अंगाचा भार त्यावर टाकला आणि काय सांगू! खडखड खडखड करत गडी निघाला की. अंगणाला फेऱ्यावर फेऱ्या. एका फेरीत सरपंचांची चप्पल चिरडली. आजीने सगळ्यांच्या हातांवर साखर ठेवली आणि आजोबांकडे असं पाहिलं, जणू विज्ञान तिच्याच माहेरचं.

"आता सोड तो गाडा," ती म्हणाली.

ढिम्मरावाने गाडा सोडला आणि पुन्हा ढिम्म. गाडा धरला की पळायचा, सोडला की खांब. पायऱ्यांवर तर गाडा नेता येणार नाही! लोक तोंड लपवून हसत घरी गेले. आजीने उरलेल्या साखरेचा डबा धाडकन बंद केला.

"आता गं?" उर्मी रडवेली झाली. रविवार दोन दिवसांवर आला होता.

आजोबा बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "उर्मी, इकडे ये. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची कड भिंतीला घट्ट चिकटव. हं. आता डावा पाय उचल बघू."

उर्मीने जोर लावला, दात-ओठ खाल्ले, पण पाय उचलून धरता येईना. "आजोबा, कुणी खिळे ठोकलेत का?"

"तुझंही ढिम्मरावासारखं सुरू झालं वाटतं," आजी म्हणाली.

"खिळे नाहीत," आजोबा हसले. "प्रत्येकाच्या अंगात एक जागा असते, तिला गुरुत्वमध्य म्हणतात (सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं वागतं तो बिंदू). माणसाचा साधारण बेंबीच्या आसपास. आणि पावलं व त्यांच्या मधली जमीन मिळून होतं आधारक्षेत्र (ज्यावर आपण टेकून असतो ती जागा). गुरुत्वमध्य आधारक्षेत्राच्या वर आहे तोवर आपण उभे. डावा पाय उचलायचा, तर वजन उजव्या पावलावर न्यावं लागतं, म्हणजे अंग उजवीकडे झुकवावं लागतं. भिंत तुला झुकू देत नाही, म्हणून पाय अडकतो."

"म्हणजे पाय उचलण्याआधी झुकायचं?"

"बरोबर. आणि पुढे जायचं असेल, तर गुरुत्वमध्य आधारक्षेत्राच्या बाहेर पुढे ढकलायचा. म्हणजे काय होईल?"

उर्मीने भिंत सोडली आणि ती पुढे झुकली. आणखी झुकली. तोल गेला आणि नाकावर आपटायच्या आत पाय आपोआप पुढे पडला.

"मी पडायला लागले होते!" ती ओरडली.

"तेच तर चालणं! दर पावलाला आपण पडायला सुरुवात करतो आणि दर पावलाला सावरतो. पांगुळगाड्यात ढिम्मराव पडूच शकत नव्हता, म्हणून तो फक्त ढकलायला शिकला. सावरायची वेळच आली नाही."

आजीने मान फिरवली. गाड्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

ढिम्मराव हे सगळं ऐकत होता. त्याच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. "माझ्या डोक्यात संतुलनमापक आहे (अंग किती आणि कुठे कललं ते सांगणारा). तो सकाळपासून शून्य दाखवतो. पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे कळल्याशिवाय मी निघू कसा?"

"अरे, उभ्या माणसाचा मापक शून्यच दाखवणार!" आजोबा म्हणाले. "तू कललास की तो बोलायला लागेल, किती कललास, कुठे आणि किती वेगाने. ते कळलं की पाऊल कुठे टाकायचं तेही कळेल. ही माहिती निघाल्यावरच मिळते, लेका. घरबसल्या नाही."

"पण माझ्या पहिल्याच नियमात लिहिलंय, कधीही पडायचं नाही."

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. आजोबा चाचरले. "तो नियम… ते… तुझी आजी खाली पडली तर काय, म्हणून मीच…"

"अगं बाई!" आजी कपाळावर हात मारत म्हणाली. "बायको पडेल म्हणून पोराच्या पायांत बेड्या घातल्यात? काढा आधी!"

आजोबांनी तिथल्या तिथे नियम बदलला. "पडायला लागलास तर सावर. सावरता आलं नाही तर हळू बसकण मार." अंगणात गुडघाभर पेंढा पसरला. कोंबड्यांनी घराचा आसरा घेतला.

ढिम्मराव कलला. थरथरला. "मापक बोलतोय!" असं म्हणाला आणि धप्पकन पेंढ्यात गेला. उठला. पुन्हा कलला, या वेळी पाय पुढे आला, पण फार लांब, आणि गडी थेट आजीने वाळत घातलेल्या कुरडयांवर बसला. आजीने तोंड उघडलं, मग रविवार आठवला आणि मिटलं. असं पडत-उठत संध्याकाळी ढिम्मराव बदकासारखा डुलत अंगण ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पाठीवर तांदळाचं पोतं घेतलं आणि खालच्या पायऱ्यांवर चढ-उतार केली.

रविवार उजाडला. आजी पैठणी नेसली, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलं. ढिम्मराव अंगणापलीकडच्या पहिल्या पायरीपाशी गुडघे मोडून बसला. "बसा, आजी."

"बसते की. गोळी घेतली का मी, ते बघून येते."

आजी आत जाऊन आली. मग कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले. मग आभाळाचा रंग बरा वाटेना. मग आजोबांना एकदम बारीक आवाजात म्हणाली, "अहो, पोत्याचं वजन आणि माझं वजन सारखंच का?"

"पोतं जरा हलकं होतं," आजोबा खरं बोलले आणि जीभ चावली.

उर्मीला आधी नवल वाटलं, मग हसू आलं, आणि मग तिने आजीचा हात धरला. सगळ्या गावाला धाकात ठेवणारी आजी पायरीसमोर खांबासारखी उभी होती.

"आजी, तुझा पण मापक शून्यच दाखवतोय ना गं?"

"कार्टे! आजीला शिकवतेस?" आजी खेकसली. पण आवाजात दम नव्हता. "आणि मध्येच तोल गेला म्हणजे?"

"मला नक्की माहीत नाही, आजी," ढिम्मराव म्हणाला. "तुम्हाला घेऊन मी अजून चढलेलो नाही. पण तोल कुठे जातोय, ते मला जाता जाता कळेल."

आजी त्याच्याकडे पाहत राहिली. "निदान खोटं तरी बोलत नाहीस," ती म्हणाली, पदर खोचला आणि खुर्चीत बसली. उर्मीने पट्टा आवळला.

ढिम्मराव उठला. कलला. आजीने "अगं आई गं!" करून त्याचं डोकं दोन्ही हातांनी कवटाळलं, आजोबांनी डोळे मिटले, आणि पोलादी पाऊल खट्कन पहिल्या पायरीवर टेकलं. मग दुसरं. तिसऱ्याला आजी उजवीकडे झुकली, तसा तो लगेच सावरला.

"अहो, डोळे झाकताय काय? बघा तरी!" आजी ओरडली. आजोबा डोळे उघडून समोरच्या डोंगरांकडे बघायला लागले. असल्या किती वाड्या पायऱ्यांच्या वर अडकल्या असतील, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात सुरू झालेला उर्मीला दिसला. ती आजीच्या मागून पायऱ्या चढू लागली.

अर्ध्या वाटेवर माथ्यावरून हाक आली. कठड्याला धरून गजराक्का वाकून बघत होती.

"हौसे! आलीस का गं?"

"अजून नाही!" आजीने खुर्चीत डुलत डुलत आवाज दिला. "पण निघालेय! तू चहा टाक!"